नोंदवहीतला दुसरा प्रश्न: विद्यापीठांचं संशोधन सरकारी धोरणापर्यंत पोचतं कसं?

निंबोणी | १ डिसेंबर, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी.

हिवाळी अधिवेशन तोंडावर आलंय. सिव्हिल लाइन्सचे रस्ते झाडून-रंगवून झाले, आमदार निवासातल्या गाद्या उन्हात पडल्यात, बर्डीवर मंडपाचे बांबू उतरायला लागलेत. १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून एक अधिवेशन इथे घ्यायचं ठरलं, म्हणून १९६० पासून, काही वर्षं सोडली तर, सरकार दर हिवाळ्यात आपल्या दारात येतं. आणि आपलं विद्यापीठ, ज्याला २०२३ मध्ये शंभर वर्षं पूर्ण झाली, तेही याच गावात, विधान भवनापासून ऑटोने पंधरा मिनिटांवर. तिथे अर्थशास्त्र आहे, लोकप्रशासन आहे, समाजशास्त्र आहे. दरवर्षी पीएचडीचे प्रबंध बांधून ग्रंथालयात जातात. त्यातलं किती त्या सभागृहात पोचतं, आणि पोचत असेल तर कोणत्या वाटेने, हा प्रश्न मला दर डिसेंबरला पडतो.

विद्यापीठाने धोरण ठरवावं असं माझं म्हणणं नाही. ते आपण निवडून दिलेल्यांनीच ठरवावं. पण ज्या आकड्यांवर ते ठरतं, ते आकडे कोण आणतं, कसे आणतं, यावर फारच कमी बोललं जातं. माझं सगळं नोकरीचं आयुष्य त्या आकड्यांत गेलं, म्हणून लिहितेय.

हमीभाव जाहीर झाला की सगळे दिल्लीकडे बघतात. कृषी मूल्य आयोग १९६५ पासून भावाची शिफारस करतो. पण कापसाला किती खर्च आला हे आयोगाला कोण सांगतं? १९७०-७१ पासून केंद्राची लागवड खर्चाची योजना आहे, आणि बऱ्याच राज्यांत तिचं काम कृषी विद्यापीठांकडे आहे. महाराष्ट्रात राहुरीच्या विद्यापीठाकडे. पद्धत अशी की निवडलेल्या तालुक्यातल्या गावांतून दहा शेतकरी घ्यायचे, धारणक्षेत्राप्रमाणे पाच गट पाडून प्रत्येक गटातले दोन. मग त्यांच्या घरी सतत जात राहायचं आणि वर्षभर लिहायचं. बियाणं किती, खत किती, बैलजोडी किती तास, गडी किती, बाया किती, घरची माणसं किती तास.

मी एका विद्यापीठाच्या अशाच कामात एकोणीस वर्षं होते, त्यातली बारा वर्षं गावात खोली घेऊन. सुरुवातीच्या काळातली गोष्ट. काटोल तालुक्यातलं गाव, पोळा होऊन आठेक दिवस झालेले. ओसरीवर बसून वही उघडली. घरधनी म्हणाले, काल फवारणी केली, गडी एक, मी एक, औषध इतकं. लिहिलं. त्यांच्या बायको पाट्यावर मिरची वाटत होत्या. त्यांना विचारलं, वहिनी, काल शेताचं काय काम केलं? "काही नाही जी, मी घरीच होती." रकान्यात शून्य घातलं.

उठले, चपला पायात सरकवल्या, आणि सहजच तोंडातून गेलं, मग फवाऱ्याचं पाणी कोणी आणलं?

"मीनंच आणलं ना. नाल्यावरून. चौदा गुंड."

मी परत खाली बसले. पंधरा लिटरचा पंप, एकराला दहा-अकरा पंप, ते सगळं पाणी या बाईने चौदा गुंड, म्हणजे चौदा घागरी, डोक्यावरून आणलेलं. हिशेब केला तर तीन तासांच्या वर गेलं. शून्यावर रेघ मारून तीन लिहिलं.

आता हे का महत्त्वाचं ते सांगते. २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात हमीभाव खर्चाच्या किमान दीडपट देऊ असं जाहीर झालं. तो खर्च कोणता, यावरच सगळं भांडण आहे. शेतकरी संघटना सी-२ मागतात, ज्यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याजही येतं. सरकार धरतं ते ए-२ अधिक घरची मजुरी. म्हणजे प्रत्यक्ष खिशातून गेलेला पैसा आणि घरच्या माणसांच्या कष्टाची लावलेली किंमत. मग ते चौदा गुंड वहीत आले तर भावात येतात. नाही आले तर त्या बाईची तेवढी सकाळ फुकट गेली, आणि तिच्यासारख्या हजारोंची.

दुसरा प्रश्न विचारायला माणूस गावात मुरलेला लागतो. तीन दिवसांसाठी टॅब घेऊन आलेला मुलगा पहिल्या उत्तराला शून्य लिहून पुढच्या घरी जातो, आणि त्यात त्याचा दोष नाही, त्याला घरांच्या संख्येवर पैसे मिळतात. वर्षानुवर्षं एका गावात माणूस बसवून ठेवणं, त्याला शिकवणं, त्याच्या वह्या सांभाळणं, हे विद्यापीठालाच जमू शकतं. माझ्या मते धोरण घडवण्यात विद्यापीठाचं पहिलं काम हेच आहे. जाडजूड अहवाल, चर्चासत्रं, शिफारशी हे सगळं नंतर.

महाराष्ट्राला हे पूर्वी चांगलं कळत होतं. पुण्याची गोखले संस्था १९३० ची. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ जन्माने नागपूरचे. त्यांनी आधी वाई तालुक्यातल्या शेतीची घरोघर पाहणी केली. शेती कर्जाच्या समितीचं अध्यक्षपद, प्रवरेचा सहकारी साखर कारखाना, नियोजन आयोग, राज्यांना केंद्राचा पैसा वाटायचं सूत्र, हे सगळं त्यानंतरचं. त्याच संस्थेचे वि. म. दांडेकर. १९८३ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, १९८४ मध्ये अहवाल आला आणि "अनुशेष" हा शब्द विदर्भाच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला. प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची, जिल्हा तिच्या खाली किती ते मोजायचं, त्याची किंमत लावायची. राज्याचा आकडा निघाला सुमारे ३,१८६ कोटी रुपये. त्या एका मोजपट्टीवर आपलं राजकारण चाळीस वर्षं चाललंय.

तर तुमच्यापैकी कोणी मंत्रालयात असाल, विद्यापीठात असाल, किंवा तुमच्या घरी असा वही घेऊन कोणी आला असेल, तर लिहा. संशोधन नेमकं कुठे अडतं?

---

वाचनवेडी | १ डिसेंबर, रात्री १०.०५

ताई, फार आवडलं. चौदा गुंड डोक्यातून जात नाहीत. वाचतेय.

---

जुनी फाईल | १ डिसेंबर, रात्री ११.३८

निंबोणीताई, मी मंत्रालयात एकतीस वर्षं काढली, शेवटी कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. त्यातली बरीचशी डिसेंबर नागपुरात, खोक्यांत फायली बांधून. कुठे अडतं ते मी सांगू शकतो.

विद्यापीठाचा अहवाल मंत्री वाचत नाहीत, सचिवही वाचत नाहीत. त्यांना तेवढा वेळच नसतो. तो वाचतो कक्ष अधिकारी किंवा त्याच्या हाताखालचा सहायक, आणि त्यावर टिपणी लिहितो. दोनशे पानांचं दीड पान होतं. ती टिपणी उपसचिवांकडे, तिथून वर. पैशाचा विषय असला की वित्त विभागाचे अभिप्राय. वित्त विभाग एकच विचारतो, किती लागतील आणि कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कोणत्या खात्यातून. अहवालात याचं उत्तर नसलं की फाईल "अधिक माहितीसह सादर करावी" असा शेरा घेऊन खाली येते, आणि खाली आलेली फाईल वर जायला वर्ष जातं.

एका प्राध्यापकांचा आश्रमशाळांवरचा फार चांगला अभ्यास माझ्या टेबलावर आला होता. मुली शाळा का सोडतात हे त्यांनी गावागावांत फिरून शोधलं होतं. शेवटी शिफारस काय? "शासनाने याकडे गांभीर्याने लक्ष द्यावे." यावर मी काय टिपणी लिहिणार? त्यांनी "अमुक शासन निर्णयातील परिच्छेद ४ मधली अट काढावी, इतक्या शाळांना इतका खर्च येईल" असं लिहिलं असतं, तर मी ते शब्दशः उचललं असतं. मला आजही त्याची चुटपुट आहे, कारण मी फोन करून त्यांच्याकडून ते लिहून घेऊ शकलो असतो. घेतलं नाही.

दुसरं, वेळ. अर्थसंकल्पाचे प्रस्ताव पावसाळा संपता संपता विभागात तयार व्हायला लागतात. हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा पैशाच्या. फेब्रुवारीत दिलेला अहवाल कितीही चांगला असला तरी त्या वर्षापुरता मेला. विद्यापीठाचं कॅलेंडर परीक्षांचं आणि सरकारचं पैशाचं. दोन्ही एकमेकांना कधी दाखवलीच जात नाहीत.

---

धुऱ्यावरून | २ डिसेंबर, सकाळी ६.२०

निंबोणीताई, नमस्कार. मी नरखेडकडचा. आठ एकर वावर, पाच एकर पऱ्हाटी म्हणजे कापूस, बाकी संत्रा.

तुमचं म्हणणं पटते. आमच्या घरी बी असाच एक भाऊ येत होता वही घेऊन, दोन वर्षं आला. चांगला माणूस. माय त्याले जेवल्याबिगर जाऊ देत नोहोती. पण एक गोष्ट बोलून देतो. त्यानं दोन वर्षं आमचं सारं लेहून नेलं, बियाण्याच्या थैलीपासून तं वेचाईच्या मजुरीपर्यंत. मंग तो गेला. त्याचं पुढं काय झालं, आमचा खर्च एकरी किती निंघाला, गावात कोणाचा कमी, कोणाचा जास्त आणि काऊन, हे आमाले कोणीच येऊन नाही सांगतलं. आमचंच हाय ना ते? दिल्लीले मालूम, आमाले नाही मालूम.

आता दुसरी बाजू बी सांगतो. २०१७ साली पऱ्हाटी उभी हिरवीगार दिसे, अन् बोंड फोडलं का आत गुलाबी अळी. वर्धा रोडवर कापूस संशोधन संस्था हाय, तेथल्या लोकायनं अन् कृषी विद्यापीठवाल्यायनं सांगतलं का फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर उभी पऱ्हाटी, ठेवू नका, डोमकळ्या, म्हणजे अळीनं मिटलेली फुलं, दिसल्या का तोडून नष्ट करा, कामगंध सापळे लावा, पावसाच्या आधी लागवड करू नका. पह्यले कोणी आयकलं नाही. मी बी नाही. मंग सरकारनं बियाण्याची विक्रीच मे महिन्यात रोखून धरली, म्हणजे आगात पेरणी होऊ नये अन् अळीचं चक्र तुटावं. तेव्हा आमी गंज शिव्या देल्या. पण गावातल्या पोट्ट्यायनं सापळ्यातले पतंग मोजले, रोज आकडा ग्रुपवर टाकला, तेव्हा पटलं का हे उगाच नाही. निर्णय बरोबर होता. पण त्याचं कारण विक्री थांबवायच्या आधी सांगतलं असतं तं शिव्या नसत्या खाल्ल्या.

---

निंबोणी | २ डिसेंबर, सकाळी ८.४५

धुऱ्यावरून भाऊ, तुमच्या पहिल्या मुद्द्यावर माझ्याकडे बचाव नाही. बारा वर्षांत मी एकाही घरी परत जाऊन त्यांचा एकरी खर्च सांगितला नाही. आम्हाला तसा आदेश नव्हता हे खरं, पण आदेश मागितलाही नाही. आकडे विद्यापीठातून वर जायचे, छापून यायचे तोवर दोन-तीन हंगाम उलटलेले असायचे, आणि छापलेलं इंग्रजीत. त्या वहिनींना मी कधी सांगितलं नाही की तुमचे तीन तास कुठे गेले. तुम्ही लिहिलंत त्यानंतर सकाळपासून हेच डोक्यात आहे.

---

रविनगर वसतिगृह | २ डिसेंबर, दुपारी १.३०

मी इथेच पीएचडी करतेय, सार्वजनिक वितरण व्यवस्थेवर. पोटासाठी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. पोटतिडकीने लिहितेय, गोड मानून घ्या.

काका म्हणतात की परिच्छेद ४ मधली अट काढा असं लिहा. आम्हाला ते कोणी शिकवतच नाही. शासन निर्णय कसा वाचायचा, लेखाशीर्ष म्हणजे काय, पुरवणी मागणी कधी येते, हे मी या धाग्यावर पहिल्यांदा वाचतेय, आणि माझा विषय सार्वजनिक धोरण आहे. आम्हाला शिकवतात गृहीतक, नमुना निवड, संदर्भसूची. प्रबंध तपासणारे बाहेरचे परीक्षक, शोधनिबंध छापायचे नियतकालिकात, बढतीचे गुण त्याचेच. रेशन दुकानदार किंवा तालुका पुरवठा अधिकारी माझा निबंध वाचणार नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

आणि निंबोणीताई म्हणतात ते वर्षानुवर्षं गावात बसणं! मोठ्या प्रकल्पात नेमलेले सहायक अकरा महिन्यांच्या करारावर असतात. माझी मैत्रीण अशाच एका प्रकल्पात होती. गाव तिला ओळखायला लागलं, बाया मोकळेपणाने बोलायला लागल्या, आणि करार संपला. नवी मुलगी आली, तिला पुन्हा पहिल्यापासून "घरीच होती" हेच ऐकायला मिळालं असणार. विभागांतली मंजूर पदं रिकामी ठेवून संशोधन केंद्राचा फलक लावला तर त्या खोलीत बसणार कोण?

---

सडेतोड | २ डिसेंबर, दुपारी ४.१०

चर्चा चांगली आहे, पण मला मूळ गृहीतकच पटत नाही. धोरण अभ्यासाने बदलत नाही, दबावाने बदलतं. अधिवेशनावर मोर्चे का येतात? लोकांना माहीत आहे की आवाज केल्याशिवाय काही हलत नाही. डॉ. विजय केळकर समितीचंच बघा. विदर्भ, मराठवाडा, उर्वरित महाराष्ट्र, सगळ्यांचा इतका बारीक अभ्यास, अहवाल ऑक्टोबर २०१३ मध्ये सरकारच्या हातात, आणि सभागृहात ठेवला डिसेंबर २०१४ मध्ये, इथे नागपुरात. चौदा महिने. राज्यघटनेच्या कलम ३७१(२) खाली १९९४ मध्ये नेमलेली विकास मंडळं ३० एप्रिल २०२० ला मुदत संपून गेली. अभ्यासक काय करू शकले?

शिवाय सरकारच्या पैशाने केलेला अभ्यास सरकारला नको ते कसं सांगेल? ज्याचं मीठ खायचं त्याच्या विरुद्ध आकडा छापायला कोणाची छाती आहे?

---

जुनी फाईल | २ डिसेंबर, सायंकाळी ७.५२

सडेतोड, मोर्च्याने दार उघडतं हे मीही मान्य करतो. पण दार उघडल्यावर आत काय न्यायचं ते मोर्च्यात ठरत नाही. शिष्टमंडळ मंत्र्यांसमोर बसतं, मंत्री विचारतात "नक्की काय करू सांगा", आणि तिथे बऱ्याचदा शांतता पसरते. मी ती शांतता पाहिली आहे. अशा वेळी खिशात दोन पानं असलेला माणूस त्या खोलीतला सगळ्यात ताकदवान माणूस असतो. आणि ती दोन पानं जर शेतकऱ्यांच्या बाजूच्या कोणी दिली नाहीत तर बियाणं-औषध विकणारे देतात. रिकामी जागा रिकामी राहत नाही.

मिठाचा मुद्दा मात्र खरा आहे. माझ्या डोळ्यांदेखत एका विभागाने आपल्याच योजनेचा मूल्यमापन अहवाल "गोपनीय" म्हणून कपाटात ठेवला. उपाय एकच सुचतो. करारातच लिहून घ्यायचं की अहवाल सादर झाल्यापासून नव्वद दिवसांनी विद्यापीठ तो मराठीत प्रसिद्ध करेल, सरकारला पटो न पटो. हे कलम नसेल तर कुलगुरूंनी सहीच करू नये.

---

वकीलबाई | २ डिसेंबर, रात्री ९.२६

तिसरी वाट राहिली, न्यायालयाची. शेतकरी आत्महत्यांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला तेव्हा न्यायालयाने टाटा समाजविज्ञान संस्थेकडून चौकशी करून घेतली, त्यांचा अहवाल मार्च २००५ चा. पाठोपाठ राज्य सरकारसाठी इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा अभ्यास आला, जानेवारी २००६ मध्ये. दोन्ही अभिमत विद्यापीठं. त्याच वर्षी जुलैत पंतप्रधान विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. पॅकेज पुरेसं होतं का, योग्य ठिकाणी गेलं का, हा वेगळा आणि दुखरा विषय. पण कर्ज, नापिकी, सावकार, बियाणं हे सगळं गुंतागुंतीचं आहे, एका माणसाची "कौटुंबिक अडचण" नाही, हे सरकारी कागदावर यायला त्या अभ्यासांचा मोठा हातभार लागला.

आपल्या नेहरू मार्गावरच्या नीरीचंही उदाहरण आहे. ती विद्यापीठ नाही, पर्यावरणाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, पण वाट तीच. ताजमहालाभोवतीच्या कारखान्यांचा कोळसा बंद करणारा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर १९९६ चा निकाल वाचा, त्यात नीरीच्या अहवालांचा आधार जागोजागी आहे. नागपूरच्या संस्थेच्या अहवालांनी आग्र्यातल्या भट्ट्यांचं इंधन बदललं.

सडेतोड विचारतात छाती कोणाची. न्यायालयात उलटतपासणीला टिकेल असा आकडा असला की छाती आपोआप येते. त्यासाठी कच्च्या वह्या जपून ठेवलेल्या लागतात. माझ्यापुढे आलेल्या एका प्रकरणात विद्यापीठातल्या तज्ज्ञांना मूळ नोंदी मागितल्या आणि त्या सापडल्याच नाहीत. म्हणणं खरं असूनही तो अभ्यास बाजूला पडला.

---

डॉ. पळस | ३ डिसेंबर, पहाटे ५.४०

रात्रपाळी संपवून लिहितोय, त्रोटक वाटलं तर समजून घ्या.

गडचिरोलीचं उदाहरण कोणी दिलं नाही म्हणून देतो. डॉ. अभय आणि राणी बंग यांची सर्च संस्था विद्यापीठ नाही, पण विद्यापीठांनी शिकावं असं काम त्यांचं आहे. घरच्या घरी नवजात बाळाची काळजी: गावातलीच बाई शिकवून तयार करायची, तिने बाळाचं वजन घ्यायचं, श्वास मोजायचे, संसर्ग ओळखायचा. ३९ गावांत हे केलं आणि ४७ गावांशी तुलना केली. हजारी ६२ बाळं दगावत होती, तिसऱ्या वर्षी ते प्रमाण २६ च्या आसपास आलं. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापलं. २०११ मध्ये केंद्राने ते आशा कार्यकर्तींमार्फत देशभर घेतलं. मधली बारा वर्षं बघा. पुरावा हातात असूनही बारा वर्षं.

तुलनेची गावं, हा माझा मुद्दा. ती ४७ गावं नसती तर कोणीही म्हणालं असतं की बाळं तशीही वाचलीच असती, रस्ते झाले, पाऊसपाणी बरं झालं. योजना सगळीकडे एकदम सुरू करायची आणि मग "यशस्वी" म्हणायचं, ही आपली सवय. कुठे आधी, कुठे नंतर, हे विद्यापीठाला बरोबर घेऊन ठरवलं तर खर्च तोच राहतो आणि कळतं मात्र खूप.

दुसरं सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. नागपुरातल्या मेयो आणि मेडिकल या सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डात ही मुलं आम्ही शिकायला लागल्यापासून बघतोय. हायड्रॉक्सियुरिया हे औषध मोठ्या मात्रेत द्यायचं तर वरचेवर रक्त तपासावं लागतं, आणि गडचिरोलीतल्या कोरचीहून नागपूरला दर थोड्या दिवसांनी कोण येणार? कमी आणि ठरावीक मात्रा दिली तरी मुलांचा त्रास पुष्कळ कमी होतो, हा अभ्यास नागपुरातच झाला, २०१२ मध्ये छापून आला. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ चं उद्दिष्ट. एवढ्या मोठ्या मोहिमेत जिल्ह्याच्या दवाखान्यात नेमकं काय द्यायचं हा प्रश्न येतो, तेव्हा असा आपल्या मुलांवर, आपल्या अंतरांचा विचार करून झालेला अभ्यास कामाला येतो. बाहेरच्या देशातला अभ्यास कितीही मोठा असला तरी त्याला कोरची ते नागपूर एसटी माहीत नसते.

---

बांधी | ३ डिसेंबर, सकाळी १०.१५

मी भंडाऱ्याचा. आमच्याकडची लाखोळी आठवली.

धान कापायच्या आधी ओल्या बांधीत लाखोळी फेकायची, नांगरट नाही, पाणी नाही, आयती डाळ. गरिबाचं वरण तेच. तिच्यातल्या विषारी घटकाने पाय लुळे पडतात म्हणून १९६१ मध्ये केंद्राने विक्रीवर बंदी आणली. दुष्काळात महिनोन् महिने फक्त तीच खाल्ली तर धोका होता हे खरं. पण आमच्या आज्या डाळ भिजवून ते पाणी फेकायच्या, भाताबरोबर खायच्या, आणि गावं चालती-फिरती होती. महाराष्ट्राने बंदी उठवली २००८ मध्ये, आणि त्यामागे नागपूरकडच्या लोकांचा फार जुना लढा होता.

मधल्या काळात रायपूरच्या कृषी विद्यापीठाने विषारी घटक कमी असलेले वाण काढले, महातिवडा त्यातलाच. मला विद्यापीठाचं काम म्हणजे हे वाटतं. सरकारपुढे दोनच दारं होती, बंदी ठेवा किंवा उठवा. विद्यापीठाने तिसरं उघडून दिलं. पण सत्तेचाळीस वर्षांत आमच्या घरी येऊन "तुम्ही ही डाळ कशी रांधता" हे विचारायला किती जण आले? निंबोणीताईंचा दुसरा प्रश्न तोच.

---

निंबोणी | ३ डिसेंबर, रात्री ८.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. दिवसभर विचार करत होते.

रविनगर वसतिगृह, तुझं म्हणणं मला सगळ्यात जास्त लागलं. पदं भरणं तुझ्या-माझ्या हातात नाही, त्यासाठी सडेतोड म्हणतात तसा आवाजच करावा लागेल, आणि मी तुमच्या बाजूने उभी राहीन. पण शासन निर्णय वाचायला शिकणं आपल्या हातात आहे. जुनी फाईल, तुम्ही नागपुरातच असता ना? शनिवारी दुपारी दोन तास द्याल? ही आणि हिच्याबरोबरच्या मुलामुलींना एक खरी फाईल, एक पुरवणी मागणी, एक टिपणी समोर ठेवून समजावून सांगा. जागा मी बघते.

आणि धुऱ्यावरून भाऊ, तुमच्या गावात यायचं म्हणते. या हंगामाचा तुमचा खर्च आपण मिळून लिहू, आणि एकरी आकडा मराठीत, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर. चालेल?

---

जुनी फाईल | ३ डिसेंबर, रात्री ९.०४

शनिवार नक्की. आश्रमशाळांच्या त्या अभ्यासाची माझ्याकडे एक प्रत आहे, ती घेऊन येतो. शेवटची शिफारस मुलांकडूनच नव्याने लिहून घेऊ. ते प्राध्यापक आता निवृत्त आहेत, त्यांनाही फोन करतो.

---

धुऱ्यावरून | ३ डिसेंबर, रात्री ९.४०

या ना ताई. दुसरा वेचा सुरू हाय, सारे वावरातच भेटतीन. माय म्हणते जेवाले याच.

---

रविनगर वसतिगृह | १५ डिसेंबर, रात्री १०.२०

शनिवारी आम्ही अकरा जण होतो. काकांनी चार तास दिले. त्याबद्दल सविस्तर वेगळं लिहीन, आज दुसरं सांगायचंय.

काल निंबोणीताईंबरोबर नरखेडकडे जाऊन आले. धुऱ्यावरून दादांच्या शेजारच्या घरी ताईंनी मला वही दिली आणि स्वतः मागे बसल्या. मी घरातल्या आजींना विचारलं, परवा काय काम केलं? आजी म्हणाल्या, "माह्याच्यानं आता काही होत नाही, बसून राह्यतो." मी शून्य लिहिलं. ताई काही बोलल्या नाहीत. मला घाम फुटला. अंगणात कापसाचा ढीग होता, वर जुनं लुगडं झाकलेलं. मी विचारलं, आजी, हा कापूस इतका स्वच्छ कसा? पाने-कचरा काहीच नाही.

आजी म्हणाल्या, "तो मी निवडतो ना. रोज. दुपारचं जेवण झालं का दिवा लागेपर्यंत."

ताई, मी शून्य पूर्ण गिरवून काळं केलं आणि वर पाच लिहिलं. ते तसं बरोबर आहे ना?

---

निंबोणी | १५ डिसेंबर, रात्री १०.४१

पाच बरोबर. गिरवू मात्र नकोस. शून्यावर एकच आडवी रेघ मारायची, बाजूला नवा आकडा, तारीख आणि तुझी सही. तुझ्यानंतर वही घेणाऱ्याला दोन्ही आकडे वाचता आले पाहिजेत.